घामाचा उतार: कुमाऊँच्या चीडबनात रानझाडं कशी ओळखायची

उत्तराखंडातल्या कुमाऊँनी बोलीत ‘घाम’ म्हणजे ऊन. हे मला कळलं ते अल्मोड्याजवळच्या एका अंगणात, डिसेंबरात. मी भिंतीच्या सावलीत कुडकुडत उभा होतो आणि घरातली आमा, म्हणजे आजी, मला सांगत होती, “घाम में बैठ जा, बेटा.” मला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मूळ शब्द संस्कृतातला ‘घर्म’. आपण त्यातून अंगावरचं पाणी घेतलं, त्यांनी आभाळातलं ऊन. मे महिन्यात चीडबनाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या जंगलाच्या, दक्षिण उतारावर दोन तास चाललात की दोन्ही अर्थ एकदमच कळतात.

उत्तराखंडात जाणारा मराठी माणूस नैनिताल करतो, कौसानी करतो, हिमशिखरांचे फोटो काढतो. वाटेत खिडकीतून दिसणाऱ्या हजारो झाडांची ‘पाइन’ म्हणून एका शब्दात बोळवण करतो. त्या झाडांखाली काय वाढतं हे बघायला कुणी उतरत नाही. उतरलाच तर फूल दिसताक्षणी मोबाइल काढून नाव विचारतो. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. नावांची यादी वाढत गेली आणि डोक्यात प्रकाश काही पडला नाही. मग मी क्रम उलटा केला: आधी उतार, मग चीड, मग काटे, आणि फुलं सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

उदाहरणासाठी अल्मोडा, कसारदेवी आणि बिनसर हा पट्टा घेतलाय. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे अल्मोड्यापर्यंत सुमारे 90 किलोमीटर जीप. अल्मोडा 1,640 मीटरच्या आसपास आहे आणि बिनसरचा झिरो पॉइंट, म्हणजे हिमशिखरं बघायची जागा, 2,400 मीटरच्या थोडा वर. म्हणजे एका दिवसात तुम्ही चीडबनातून निघून बांज (ओक) आणि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या ओल्या जंगलात पोचता, आणि दोन्हींतला फरक पायांना कळतो.

सामान थोडंच

दहापट दाखवणारं घडीचं भिंग, लहान वही, पेन्सिल (पेन थंडीत दगा देतं), शाळेतला कोनमापक आणि त्याच्या मध्याला बांधलेला खडा लावलेला दोरा. होकायंत्र मोबाइलमध्ये असतं. चांगल्या खाचांच्या तळव्याचे बूट मात्र हवेतच. कारण पुढे येईल. पायात घट्ट विणीचे मोजे घाला, लोकरीचे नकोत. त्याचंही कारण पुढे येईल.

पायरी 1: उताराचं तोंड कुठे आहे ते बघा

झाडाकडे बघण्याआधी पाठ डोंगराकडे करून उभे राहा. समोर होकायंत्रात जी दिशा येते ती उताराची दिशा. दक्षिण, आग्नेय किंवा नैर्ऋत्य आली तर तुम्ही घामाच्या उतारावर आहात.

हे एवढं महत्त्वाचं का, याचं गणित एकदा करून ठेवलेलं बरं. अल्मोडा साडेएकोणतीस अक्षांशाच्या किंचित वर आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम 37 अंश वर येतो. तुमचा उतार 30 अंशांचा आणि दक्षिणेकडे तोंड केलेला असेल तर ऊन त्याच्यावर 67 अंशांनी पडतं, म्हणजे जवळजवळ सरळ. तेवढाच उतार उत्तरेकडे तोंड करून असेल तर तेच ऊन 7 अंशांनी नुसतं घासून जातं. एकाच डोंगराच्या दोन बाजू, एकच दुपार, आणि जमिनीला मिळणाऱ्या थेट उन्हात सात-साडेसात पटींचा फरक. पलीकडच्या बाजूला सकाळचं दव दुपारपर्यंत गोठलेलं राहतं, तेव्हा इकडे माती कोरडी ठणठणीत असते. जुनी गावं बहुतेक याच बाजूला का वसली, हे आमाच्या अंगणात बसलं की विचारावं लागत नाही.

आपल्याकडे सह्याद्रीत ही सवय लागत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेही सरकतो. त्यामुळे दक्षिण-उत्तरेपेक्षा पश्चिम-पूर्व, म्हणजे पावसाची बाजू आणि पावसाच्या आडोशाची बाजू, हाच आपला मोठा हिशेब. अल्मोडा कर्कवृत्ताच्या वर आहे. तिथे शून्य सावली कधीच नाही. 21 जूनलाही दुपारचा सूर्य 84 अंशांवर, दक्षिणेकडेच झुकलेला. वर्षाचे बाराही महिने दुपारी डोंगराच्या एकाच गालावर ऊन.

आता कोनमापक उलटा धरून त्याची सपाट कड उताराशी समांतर करा आणि दोरा कुठे पडतो ते वाचा. 90 पासून जितका सरकला तितका उताराचा कोन. वहीत पहिली ओळ अशी लिहा: ठिकाण, तारीख, दिशा, कोन, अंदाजे उंची. ही ओळ न लिहिता पुढचं पान भरलंत तर ते पान वर्षभराने वाचताना काहीही सांगत नाही. अनुभवाने बोलतोय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. रस्त्याकडेची पहिली वीस-पंचवीस पावलं धरायची नाहीत. खोदकामाच्या मातीबरोबर तिथे पाहुणे येतात: घाणेरी, गाजरगवत, आणि मेक्सिकोतून आलेला काला बांसा, पांढऱ्या फुलांच्या झुपक्यांचा. उताराचा स्वभाव त्यांच्यावरून कळत नाही.

पायरी 2: चीड वाचा

मराठीत चीड म्हणजे राग, आणि कुमाऊँतही या झाडावर राग धरणारे पुष्कळ. पाणी पितं, झरे आटवतं, खाली काही उगवू देत नाही, वणवा लावतं, अशी तक्रार प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येते. माझं मत थोडं वेगळं आहे. लीसा, म्हणजे चीडाची राळ, आणि रेल्वेचे स्लीपर यांच्यापायी इंग्रजांच्या वनखात्याने या झाडाला जपलं, वाढवलं. गावकऱ्यांना लागणारा बांज मागे पडला. 1921 मध्ये जंगलबंदीविरुद्ध चिडलेल्या लोकांनी चीडबनं पेटवली, आणि पुढे 1931 मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे जंगल गावकऱ्यांनीच सांभाळायच्या पंचायतींचे, नियम आले. यात झाडाचा दोष किती आणि हिशेबवह्यांचा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ओळख सोपी आहे. खाली पडलेल्या सुया उचला आणि एका जुडीत किती आहेत ते मोजा. तीन असतील आणि लांबी वीतभर किंवा जास्त असेल तर चीड. पाच आणि लोंबत्या, निळसर असतील तर तो कैल, जरा उंचावरचा. आखूड सुया फांदीवर चक्राकार झुपक्यात असतील तर देवदार. अल्मोड्याच्या आसपासचे देवदार बरेचसे देवळांच्या आणि बंगल्यांच्या भोवतीचे असतात.

मग खोडाकडे जा. साल जाड, तांबूस, भेगाळलेली, खवल्यांसारखी. ही साल म्हणजे चीडाचं चिलखत आहे. जवळजवळ प्रत्येक खोडाच्या बुंध्याशी काजळी दिसेल. ती किती उंच गेलीय ते मोजा, आणि खोडाच्या कोणत्या बाजूला जास्त आहे ते पाहा. डोंगराकडच्या बाजूला ती बहुधा जास्त उंच असते, कारण वरून घसरत येणाऱ्या सुया तिथेच अडून साचतात आणि उतारावरून वर चढणारी आग खोडाला वळसा घालून त्याच बाजूला भडकते. गुडघ्याएवढी काजळी म्हणजे गवताची आग येऊन गेली. डोक्याच्या वर गेली असेल तर आग मोठी होती, आणि खालची झुडपं मुळापासून नव्याने फुटलेली असणार. काही खोडांवर तिरक्या चरांची नक्षी आणि खाली टिनाचा किंवा मातीचा प्याला दिसेल. तो लीसा काढण्याचा उद्योग आहे. प्याल्याला हात लावू नका, ते कुणाच्या तरी मजुरीचं मोजमाप असतं.

पायरी 3: पिरूल उचलून बघा

चीडाच्या वाळक्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. मार्च ते जून हा थर उतारावर पसरलेला असतो: सोनेरी, चकचकीत, दिसायला गालिचा. चालायला मात्र तांदळाचे दाणे सांडलेली फरशी. कसारदेवीच्या खाली एकदा मी अशाच गालिच्यावर ऐटीत पाऊल टाकलं आणि बसल्या बसल्या आठ-दहा फूट खाली जाऊन किल्मोडा नावाच्या एका काटेरी झुडपात थांबलो. ती ओळख कायमची झाली. पिरूलावर टाच आधी रोवायची, पाऊल आडवं टाकायचं, आणि उतरताना सरळ न जाता नागमोडी जायचं. चांगले बूट म्हणूनच सांगितले.

आता बसा आणि हाताने थर बाजूला करा. वरचा थर कोरडा, त्याखाली करडा, अर्धवट कुजलेला, मग माती. थर चार बोटांहून जाड असेल तर आसपास नाजूक वनस्पती शोधण्यात वेळ घालवू नका. बी मातीपर्यंत पोचतच नाही. थर विरळ असतो तिथे, खडकाच्या कडेला, पायवाटेच्या काठाला, गुरं बसतात त्या सपाटीवर थांबा.

इथे या उताराचं मर्म सांगून टाकतो. इथे टिकायचं तर प्रत्येक झाडाला तीन परीक्षा द्याव्या लागतात: ऊन, वणवा आणि बकरी. दिसलेल्या प्रत्येक झाडाला विचारा, तू या तिघांतून कसा सुटलास? उत्तर पानात, सालीत, काट्यात किंवा जमिनीखाली सापडतं. नाव नंतर कळलं तरी चालेल.

पायरी 4: काटा कुठून आला?

ही पायरी सगळ्यांत रसाळ, आणि हिच्यावर एक अख्खी सकाळ घालवायला हरकत नाही. दक्षिण उतारावरची निम्मीअधिक झुडपं काटेरी आहेत. लांबून सगळी सारखीच, करवंदीच्या जाळीसारखी. फुलं-फळं नसताना त्यांना वेगळं काढायचं तर काट्याचं मूळ बघायचं.

काटा अंगठ्याने आडवा ढकला. सालीसकट टपकन निघून आला आणि मागे नुसता ओरखडा राहिला, तर तो सालीचा काटा, आपल्या गुलाबासारखा. निघत नाही, मोडला तर आत लाकूड दिसतं, तर ती काटा झालेली फांदी, करवंदीसारखी. आणि पानाच्या जागी, पानांच्या झुपक्याच्या बरोबर खाली, काट्याची जोडी किंवा त्रिशूळ असेल तर ते पानाचंच रूप.

त्रिशूळ दिसला की किल्मोडा. पानं कडक, कडांना टोचणारी, खालून पांढुरकी. खात्री करायची असेल तर वाळलेल्या काटकीची साल नखाने खरवडा: आत हळदीसारखा पिवळा रंग. म्हणूनच आपल्या आयुर्वेदाच्या दुकानात याच घराण्याचं लाकूड ‘दारुहळद’ नावाने मिळतं. तो पिवळेपणा बर्बेरिन या द्रव्याचा. कडू जहर, त्यामुळे बकरी दोनदा विचार करते. वसंतात पिवळी फुलं, मे-जूनमध्ये निळसर-जांभळी, वर भुरकट थर असलेली फळं. आंबट-गोड, खाल्ल्यावर जीभ जांभळी. औषधासाठी मुळं खणून नेल्यामुळे काही भागांत हे झुडूप विरळ झालंय, तेव्हा जिवंत फांदी किंवा मूळ खरवडू नका.

फांदीचाच काटा, आणि त्या काट्यावर लहान पानंही उगवलेली, कडा बारीक दातेरी: हा घिंगारू. एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांनी झुडूप झाकून जातं आणि पुढे लाल-केशरी, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस लागतात. ती फळं म्हणजे सफरचंदाचे बुटके भाऊबंद. कापून भिंगाखाली धरा, खालच्या टोकाला सफरचंदासारखाच फुलाच्या बाह्यदलांचा अवशेष दिसतो. लाकूड चिवट, काठीला उत्तम.

तसाच फांदीचा काटा, पण खोडं हिरवी आणि काटकी उभी चिरल्यावर आत शिडीसारखे पडदे दिसले, तर भेकल. थंडीतही फुलतो, पांढरा. बियांचं तेल काढायची पद्धत आहे.

सालीचे आकडीदार काटे, आणि जोडीला अख्ख्या खोडावर तांबूस केसांची दाट लव, पान तीन पर्णिकांचं: हिसालू. मेच्या अखेरीस याची पिवळी-केशरी फळं लागतात, रासबेरीसारखी. ओढली की देठाला पांढरा गड्डा राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. फळ इतकं नाजूक की दुपारी तोडलेलं संध्याकाळपर्यंत पाणी होतं. म्हणून ते शहराच्या बाजारात फारसं पोचत नाही, तिथेच उभं राहून खावं लागतं. गंमत अशी की हवाईसारख्या बेटांवर याच हिसालूने इतका उच्छाद मांडला की जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या घरी मात्र तो बकऱ्या आणि पोरांच्या धाकात असतो.

आता माझं लाडकं झुडूप. पानाच्या बुडाशी दोन चपटे काटे, समोरासमोर. संयुक्त पान, आणि पर्णिका ज्या दांड्याला जोडलेल्या आहेत त्या दांड्यालाच दोन्ही बाजूंनी हिरवी झालर. एक पर्णिका चुरगाळून वास घ्या आणि डोळे मिटा. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला लगेच बांगड्याचं तिखलं आठवेल. हा टिमूर, आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ. दोघंही एकाच झांथोझायलम कुळीतले. तिरफळ सह्याद्रीच्या दमट जंगलातलं उंच झाड, टिमूर या कोरड्या उतारावरचं झुडूप, पण फळ तसंच: पावसाळा सरता सरता लालसर बोंड तडकतं, आत काळं चकचकीत बी. बी टाकायचं, टरफल ठेवायचं, हा नियमही तोच. टरफल दाताखाली धरलं की जीभ आधी बधिर होते, मग तिच्यावर मुंग्या धावतात. गावात याची चटणी करतात आणि काटक्यांनी दात घासतात. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मी फोन काढून मालवणातल्या मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, मग थोडी घेऊन ये.” ते कसं आणायचं आणि कुठून आणायचं नाही, हे सहाव्या पायरीत.

याशिवाय चीडावर चढणारा पांढरा रानगुलाब, कुंज, आणि मेहल नावाचं रानटी नाशपतीचं झाड दिसेल. मेहलाची फळं नोव्हेंबरपर्यंत दगडासारखी आणि तुरट. दहिवर पडून ती काळी-तपकिरी झाली की गोड होतात. नासलीत असं वाटेल तेव्हाच ती पिकलेली असतात.

पायरी 5: बिनकाट्याचे कसे जगतात

काटा नाही, तरी बकरीने सोडलंय. म्हणजे दुसरा काही बंदोबस्त आहे. वास घ्या, चीक बघा, लव बघा. चव मात्र घेऊ नका.

खालच्या, जास्त तापणाऱ्या कड्यांवर थोर दिसतो, पाचकोनी मांसल फांद्यांचा. लांबून निवडुंगच, पण चीक पांढरा आणि डोळ्यांना घातक. त्याच्याच शेजारी घायपात, हाही मेक्सिकोचा पाहुणा, बांधाला लावलेला आणि तिथेच रुळलेला. जरा वर, खडकाळ उतारावर, फेब्रुवारीपासून लाल नळीदार फुलांनी लगडलेलं झुडूप दिसलं तर ओळख पटायला वेळ लागणार नाही: आपलीच धायटी. सह्याद्रीत गडांवर चढताना हिच्या फुलातला मध चोखलेला असतो, ती इथे चीडाखाली भेटते. वणव्यात वरचा भाग जळाला तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. आसव-अरिष्टं आंबवायला हिचीच फुलं घालतात.

गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांचं, नीळीच्या कुळातलं झुडूप म्हणजे सकीना. कडधान्याच्या घराण्यातलं असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय स्वतःच करतं. या उपाशी जमिनीत ते मोठंच भांडवल.

मातीला चिकटून बसलेली एक वनस्पती शोधाच. पानं वरून हिरवी, उलटली की खाली पांढरी शुभ्र कापसासारखी लव, ओढली तर कापडासारखी सोलून निघणारी. ही जर्बेराची रानटी बहीण. त्या लवेचा उपयोग पूर्वी चकमकीची ठिणगी धरायला करत.

मार्चमध्ये बांधांच्या दगडांतून डोकावणारी पिवळीधमक प्यौंली चुकवू नका. चैत्राच्या संक्रांतीला, मार्चच्या मध्यावर, फूलदेईचा सण असतो. सकाळी सकाळी पोरं परडीतून ही फुलं आणून घरोघरी उंबऱ्यावर ठेवतात आणि बदल्यात गूळ-तांदूळ मिळवतात. त्या दिवशी गावात असलात तर तुमचं अर्धं काम पोरंच करतात, परडी बघू द्या म्हटलं की झालं.

पावसाळ्यात सगळा नूर पालटतो. पिरूल भिजून दबतो, गवत कमरेपर्यंत येतं, आणि त्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुलाबी तुऱ्याचं भुईऑर्किड उगवतं, प्रत्येक फुलाला मागे दोन शेपट्या. सॅटिरियम हे त्याचं नाव, आणि ते आपल्या सह्याद्रीच्या पठारांवरही आहे. वणव्याच्या दिवसांत ते जमिनीखाली कंदात झोपलेलं असतं. जळवा मात्र याच दिवसांत भेटतात, मीठ जवळ ठेवा.

पायरी 6: खाणं, तोडणं आणि परवानगी

हिसालू, किल्मोडा, काफल ही फळं गावातल्या माणसाने हातात दिली तर खुशाल खा. स्वतः तोडून खायची असतील तर आधी कुणाला तरी दाखवा. काफल चीड आणि बांज यांच्या सीमेवर मिळतो, एप्रिल ते जून. रस्त्याकडेला टोपल्यांत मीठ लावून विकतात. गर पातळ, बी मोठं. याची साल म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातलं कायफळ, ज्याची पूड हुंगली की शिंकांची माळ लागते. इतकी वर्षं मी कायफळ हे कुठल्या तरी फळाचं चूर्ण समजत होतो.

आणि हे झुडूप नीट लक्षात ठेवा: मकोला. काटा नाही. लालसर कमानदार फांद्या, पानं समोरासमोर, प्रत्येक पानाच्या बुडातून तीन ठळक शिरा निघालेल्या. दरड कोसळलेल्या कोरड्या उतारावर भरपूर, आणि काळी, रसाळ, मोहक फळं. ती विषारी आहेत. या कुळातलं विष मेंदूवर जातं आणि झटके आणतं. मोबाइलमधल्या ॲपने मला याचं नाव एकदा चुकीचं, एका खाण्याजोग्या फळाचं सांगितलं होतं. तेव्हापासून माझा नियम एकच: या उतारावर बिनकाट्याच्या झुडपाला काळं फळ दिसलं की हात मागे. हा नियम नकार देण्यापुरताच आहे. काटा आहे म्हणजे फळ खाण्याजोगं, असा त्याचा उलटा अर्थ काढू नका.

बिनसर हे 1988 पासून अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तिथून पान-फूल-बी काहीही न्यायचं नाही. अभयारण्याबाहेरचे बरेच उतार वनपंचायतीचे असतात. गावात विचारून जा, बहुतेक वेळा कुणी तरी पोरगं वाट दाखवायला सोबतच येतं. मावशीसाठी टिमूर मी अल्मोड्याच्या बाजारातून आणला, जंगलातून नाही.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा तिथे वणव्याचा अधिकृत हंगाम. काडी, विडी, चूल, सगळं बंद. जून 2024 मध्ये बिनसरच्या वणव्यात वनकर्मचाऱ्यांचा जीव गेला. त्याच उन्हाळ्यात भीमतालच्या तळ्यातून हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी उचलत होती. धूर दिसला तर वर चढू नका, आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. बाजूला, आधी जळून गेलेल्या किंवा उघड्या जमिनीकडे निघा, आणि गावात कळवा.

पायरी 7: धार ओलांडा

दक्षिण उतार समजायचा तर उत्तरेचा बघावाच लागतो. धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, पोचा आणि पलीकडे पन्नास पावलं उतरा. पहिला फरक कानांना कळतो: चीडातून वाहणाऱ्या वाऱ्याचा सूं सूं आवाज थांबतो. मग पायांना, माती मऊ, काळी, पानांची. बांजाचं पान उलटून बघा, खालून चांदीसारखं. खोडांवर शेवाळ, नेचे, वर बुरांस, जो उत्तराखंडाचा राज्यवृक्ष आहे. काट्यांची गर्दी अचानक कमी झालेली असते.

मग वहीच्या दोन पानांवर समोरासमोर लिहा: इकडची दहा झाडं, तिकडची दहा. दोन्हीकडे असलेली किती? ती संख्या फार लहान येते. कधी दक्षिण उतारावरच मधे एखाद्या घळीत बांज दिसतो. जवळ जा, तिथे गधेरा, म्हणजे ओढा, किंवा झरा असतो. आणि सिसूण दिसला, म्हणजे अंगाला लागताच आग करणारी बिच्छू घास, तर जवळ गोठा किंवा शेणखताची जागा असणार. याच सिसूणाची भाजी करतात, चिमट्याने खुडून. शिजला की त्याचा डंख जातो.

केव्हा जायचं

एकदाच जाणार असाल तर मार्चचा दुसरा पंधरवडा. प्यौंली, मेहल, धायटी, वरच्या बाजूला बुरांस, आणि काटेरी झुडपांना कोवळी पालवी. मला स्वतःला ऑक्टोबरचा शेवट आवडतो: आभाळ धुतलेलं, घिंगारू लाल, टिमूर तडकलेला, आणि बांधांवर पय्यां फुललेला. हा रानचेरीचा वृक्ष, आणि सगळी झाडं पानं गाळायच्या तयारीत असताना हा गुलाबी फुलतो. मेमध्ये फळं आहेत, पण धूर आणि पिरूलही आहे.

परतण्याआधी

ऑक्टोबरात उतारावरून परत आलात की मोजे बघा. त्यांत शेकडो बारीक भाले रुतलेले असतील. हे कुसळी गवत, माळरानावरचं आपल्या ओळखीचं, आणि चीडाखालीही तेच. त्याच्या शेपटीला पीळ असतो. दमट हवेत तो उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा पिळतो, आणि दर वेळी बी थोडं आत खुपसलं जातं. मातीत शिरायची ही युक्ती मोज्यातही तितकीच चालते. एक कुसळ काढून तळहातावर ठेवा, थेंबभर पाणी सोडा आणि बघत राहा. मिनिटाभरात ते स्वतःभोवती फिरायला लागतं. लोकरीचे मोजे नकोत म्हणालो ते यासाठी.

काढताना शेपूट ओढू नका, ती तुटते आणि टोक आत राहतं. मोजा उलटा करा, आतल्या बाजूने आलेलं टोक नखात धरा आणि ज्या दिशेने शिरलंय त्याच दिशेने पुढे ओढून काढा. हे काम अंगणात, घामात बसून करा, आणि काढलेली कुसळं खोलीतल्या केरात न टाकता तिथेच उतारावर टाकून या.